मास्तरांच्या बावीस शिंका

१

सव्वीस वर्षं मी लोकांची नाकं बघते आहे आणि मला अजून त्यांची किळस येते. कान-नाक-घशाच्या दवाखान्यातली सिस्टर म्हटलं की लोकांना वाटतं, हिला एव्हाना सवय झाली असेल. सवय हातांना होते, पोटाला होत नाही. दुपारचा डबा मी आजही भिंतीकडे तोंड करून खाते.

त्यात एक नाक माझ्या घरचंच. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी. नाट्यगृहात एकतीस वर्षं शिंपी आहेत. तिथे त्यांना तोंडावर मास्तर म्हणतात आणि पाठीमागे गळका नळ. सकाळी उठल्यापासून शिंका, नाकाला पाण्यासारखी धार, डोळे लाल. तळहाताने नाक वर ढकलून ढकलून नाकावर आडवी रेघच पडली आहे. ताईकडे जेवायला गेले की मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसते. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा रुमाल वाळत असला तर खुर्ची बदलते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी बऱ्याच लोकांना नावं ठेवणार आहे.

बुधवारी सकाळी भाऊजींची त्वचेची चाचणी होती. हातावर ओळीने थेंब टाकायचे, प्रत्येक थेंबातून सुईचं टोक टोचायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. ज्या गोष्टीचं वावडं असेल त्या थेंबाखाली गांधी उठते. त्यासाठी त्यांच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मी आठ दिवस आधीपासून बंद करायला लावल्या होत्या. गोळी अंगात असली की कातडी खरं सांगत नाही. म्हणून एक थेंब असाही टाकतात, जो कोणाच्याही हातावर गांधी उठवतोच. नाही उठली तर समजायचं, पेशंटने चोरून गोळी घेतली आहे.

भाऊजी हात पुढे करून बसले. बरोबर ताईही आली होती, आणि तिचा चेहरा बघून मी सुई खाली ठेवली.

"छोटी, यांना चोर ठरवलंय," ती म्हणाली. मी बावन्न वर्षांची आहे, पण तिच्यासाठी छोटीच.

झालं होतं असं. नाट्यगृहात एक मखमली झगा आहे, चांदीच्या जरीचा. पहिल्या नाटकातल्या राजाने घातलेला. शनिवारी नाट्यगृहाच्या अध्यक्षबाई तो समारंभाने काचेच्या कपाटात ठेवणार होत्या. मंगळवारी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान तो तळघरातल्या पेटीतून नाहीसा झाला. पेटीभोवती नाक पुसलेले ओले कागद पडले होते. ते बघून कोणालाही दुसरं नाव सुचलं नाही.

"व्यवस्थापकसाहेबांनी सहा वाजता खोलीत बोलावलं," भाऊजी म्हणाले. "अध्यक्षबाई होत्याच. साहेब म्हणाले, सहा कागद सापडलेत, सगळे तुमचे. शुक्रवारी बारापर्यंत झगा आणून द्या, नाहीतर राजीनामा आणि पोलीस."

"तुमचे होते का?"

"मी कागद वापरतच नाही. त्याचा भुगा उडतो आणि त्यानेच शिंका येतात. माझा आपला रुमाल."

"मग तसं सांगायचं की."

"सांगणार कसं? खोलीत पाय टाकला आणि सुरू झालं. तोंडच उघडता येईना. बावीस शिंका. अध्यक्षबाई मोजत होत्या. साहेब म्हणाले, बघा, तळघरातली धूळ अजून यांच्या नाकात आहे."

"आणि त्याआधी?"

"चारला रंगमंचावर गेलो. मंडळी वाचनाला बसली होती. मी एकेकाला उठवून मापं घेतली, पाचपर्यंत. त्या तासात एक शिंक नाही. तीन ते चार मात्र शिवणाच्या खोलीत एकटाच होतो." ते थांबले. "पेटीला हात लावला नाही, हे कोणाला पटवू? मी बोलायला लागलो की लोक रुमालाकडे बघतात."

मी थेंब टाकले. पंधरा मिनिटांनी खात्रीचा थेंब फुगला. गादी-उशांत राहणाऱ्या धूळकिड्यांचा फुगला. बुरशीचा तर मोठ्या नाण्याएवढा. ती गांधी माझ्या डोळ्यांसमोर वर येत असताना मला कळलं, भाऊजी त्या पेटीजवळ गेलेले नाहीत. आणि हे मी कोणापुढेही सांगू शकत होते.

"शुक्रवारपर्यंत गोळी घेऊ नका," मी म्हणाले. "त्रास होईल. सोसा."

२

गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून मी नाट्यगृहात गेले. दारावरच्या माणसाने पर्स उलटी करून बघितली. मंगळवारी पाच वाजल्यापासून अध्यक्षबाईंचा हुकूम होता, जाणाऱ्या-येणाऱ्याची पिशवी आणि गाडी उघडून बघितल्याशिवाय सोडायची नाही.

व्यवस्थापकसाहेबांची खोली इतकी स्वच्छ होती की मला आधी आवडली. चकचकीत फरशी. गालिचा नाही, पडदा नाही, कापडी खुर्ची नाही. बंद खिडकी, भिंतीवर एसी, एक स्टीलचं कपाट, टेबलावर काचेखाली एकही कागद वेडावाकडा नाही. अ‍ॅलर्जीच्या पेशंटला झोपायची खोली कशी असावी हे आम्ही समजावून सांगतो ना, तशी.

"तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून स्पष्ट बोलतो," साहेब म्हणाले. "मास्तरांचा आजार मला मान्य आहे. पण किती वर्षं सहन करायचं? लोकांना त्यांच्या हातचे कपडे घालायला नको वाटतात."

"साधी अ‍ॅलर्जी आहे. लागण होत नाही."

"दिसायला तर घाणच ना."

मला राग आला, आणि रागातही कळलं की मी खुर्ची बदलते तेव्हा हेच बोलत असते.

त्यांनी खणातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, दोन बोटांत धरून. "हा पुरावा. मी तर तळघराच्या दारातूनच मागे फिरलो. कपडेपटाच्या अक्कांनीच गोळा केले. मला ओकारीच आली असती."

पिशवीत पिवळट, चिकट, चुरगळलेले कागद होते. मी मोजले. पाच होते.

मी पिशवी उघडली. साहेबांनी तोंड फिरवलं, आणि इथे जे कोणी आलं असेल त्याने असंच तोंड फिरवलं असणार. मी एक कागद उलगडला. अ‍ॅलर्जीचं नाक गळतं ते पाणी असतं. वाळलं की कागदावर नावालाही उरत नाही. हा कागद मात्र वाळून कडक, वर काचेसारखी चकाकी. मी तो नाकाशी नेला.

स्पिरिटचा वास. सव्वीस वर्षांत असल्या वासाचं नाक मी बघितलेलं नाही.

३

स्पिरिटचा वास असलेली चिकट वस्तू नाट्यगृहात एकच. दाढ्या-मिशा चिकटवायचा गोंद.

रंगपटात आरशासमोर एक म्हातारे नट बसले होते. आयुष्यभर राजेच केले म्हणून सगळे त्यांना महाराज म्हणतात. अर्धी मिशी ओठावर, अर्धी बोटात. हातावरचे जुन्या रंगाचे ओघळ तसेच ठेवून ते बिस्किट खात होते. मी नजर आरशावर ठेवली.

"गोंद? उघडाच असतो इथे," ते म्हणाले. "कोणीही नेतं. मास्तर चांगला माणूस आहे हो. पण माप घेताना ते नाक डोक्याशी आलं की आपण आपले श्वास धरून उभे राहतो."

खुंटीला एक किल्ली लटकत होती. "ही कसली?"

"तळघराची. अक्का इथेच अडकवतात. एक त्यांची, एक मास्तरांकडे, एक साहेबांकडे."

म्हणजे महाराजांच्या हाताशी किल्ली होती आणि गोंदही होता. "तो झगा तुम्हीच घालायचात ना?"

त्यांचा आवाज बदलला. "बावीस वर्षं. तो काचेत ठेवणार म्हणे. मेलेल्यासारखा. मला विचारलं असतं तर जाळून टाका म्हटलं असतं, काचेत नको." त्यांनी उरलेली मिशी टेबलावर आपटली. "गेलं वर्षभर तर हातही लावू दिला नाही. जपायचा आहे, म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"साहेब. दुसरं कोण?"

मंगळवारी तीन ते पाच महाराज सगळ्यांसमोर राजाची वाक्यं वाचत होते, आणि तशी साक्ष देणारे अकरा जण होते. मिशी लावलेला संशयित हातचा गेला. मी अक्कांना शोधायला तळघराच्या जिन्याने उतरले आणि चौथ्या पायरीवरच हात नाकावर गेला.

४

तो वास मला ओळखीचा होता. ओल्या कपड्याचा बोळा आठवडाभर बादलीत राहिला की येतो तो.

अक्का कपडेपट सांभाळतात. साठीच्या, ठेंगण्या, कमरेला पदर खोचलेल्या. दिव्याखाली रांगेने लोकरी कोट, टोप, पिसांचे मुकुट. कॉलरींवर दहा नाटकांचा घाम आणि तेलाचे काळे पट्टे. आपल्या अंगाचा कोंडा झडतो, तो धूळकिडे खातात, आणि भाऊजींसारख्यांना त्रास होतो तो मुख्यतः त्या किड्यांच्या विष्ठेचा. पेशंटना मी हे हसत सांगते. तिथे उभं राहून हसू आलं नाही.

"तुम्हाला वास येत नाही?" मी विचारलं.

"आधी यायचा. आता नाही येत," अक्का म्हणाल्या. "वर हवा ओढणारा पंखा होता. त्याची घरघर वर नाटकात ऐकू येते म्हणून साहेबांनी दीड वर्षापूर्वी बंद केला. मास्तरांनी तीनदा लेखी दिलं की पंखा लावा, कपडे कुजतील. ते स्वतः खाली येतच नाहीत आता. पाच मिनिटांत डोळे सुजतात त्यांचे, मग दोन-दोन तास शिंका. आमचं ठरलेलं आहे, मी कपडे पिशवीत बांधून कँटीनच्या फ्रीझरमध्ये ठेवते, दोन दिवसांनी बाहेर झटकते, मग वर पाठवते. किडे थंडीने मरतात म्हणे."

"मरतात. आणि झगा?"

अक्कांनी पदराचं टोक हातात घेतलं. "त्याला फ्रीझर नको म्हणाले साहेब, चांदीची जर काळी पडेल. ओल्या फडक्याने पुसा आणि प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवा, धूळ लागायला नको. मी तसंच केलं. वर्ष झालं. उघडायचा नाही म्हणून ताकीद."

ओली पुसलेली मखमल, बंद प्लॅस्टिक, बंद पंखा. मी रिकाम्या पेटीचं झाकण उचललं. तळाच्या लाकडावर हिरवट-काळी लव होती, हाताच्या पंजाएवढी, ओलसर. मी झाकण सोडून दिलं.

"कागद तुम्हीच उचललेत?"

"मंगळवारी पाच उचलले, चिमट्याने. साहेब दारातूनच बोलत होते. सहावा काल झाडताना सापडला, पेटीच्या मागे. कोणाला द्यायचा ते कळेना, म्हणून पुडी करून ठेवला."

त्यांनी पुडी माझ्या हातावर ठेवली. अक्कांना मंगळवारी पाचच सापडले होते. मग मंगळवारीच सहा कोणाला ठाऊक होते?

५

शुक्रवारी साडेअकराला साहेबांच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. साहेब, अध्यक्षबाई, अक्का, ताई, भाऊजी आणि मी. भाऊजींनी पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीचा. एकतीस वर्षांनी हाकलून देणार असतील तर नीटनेटकं जावं, असं ताई म्हणाली होती. मी त्यांना मुद्दाम कपाटाजवळची खुर्ची दिली.

"झगा आणला का?" साहेब म्हणाले.

"आधी दोन मिनिटं नाकाबद्दल ऐका," मी म्हणाले. अध्यक्षबाईंनी नाक मुरडलं. "मंगळवारी मास्तरांच्या अंगात गोळी नव्हती. बुधवारी मी स्वतः चाचणी घेतली, ही नोंद. नाकातला फवाराही नव्हता. तो कडू लागतो म्हणून त्यांनी सोडला."

"घशात उतरतो हो," भाऊजी पुटपुटले.

"जोरात ओढता म्हणून उतरतो. मान जरा खाली, नळी बाहेरच्या बाजूला, श्वास हलका. ते नंतर. आता सांगा, औषध नसताना हा माणूस तळघरात पेटी उघडून बसला तर दोन तास शिंकेल की नाही? अक्का?"

"शिंकेलच."

"मग चार ते पाच अकरा माणसांपुढे तो कोरडा कसा?"

"मास्क लावला असेल," साहेब पटकन म्हणाले.

"असेल. मग नाकच गळलं नाही. मग हे ओले कागद कोणाचे? शिंकले म्हणावं तर चारला कोरडे कसे, आणि नाही शिंकले म्हणावं तर कागद कुठून आले?"

मी पिशवी आणि पुडी काचेवर ठेवली. "हे नाकातलं नाहीच. मिशीचा गोंद आहे. वास घेऊन बघा."

अध्यक्षबाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

"कोणी बघणार नाही, हाच तर हिशेब होता. घाण दिसली की माणूस तोंड फिरवतो आणि मालकाचं नाव आधीच ठाऊक असतं. आणि साहेब, तुम्ही मंगळवारी सहा कागद म्हणालात. अक्कांना तेव्हा पाचच सापडले होते. तुम्ही तर दारातूनच मागे फिरलात. मग पेटीमागचा सहावा तुम्हाला कसा दिसला?"

"बोलण्याच्या ओघात निघालं असेल," साहेब म्हणाले. आवाज जागेवर होता, पण त्यांनी टेबलावरचं घड्याळ उगाच सरळ केलं. "या सगळ्यात झगा कुठे आहे?"

तेवढ्यात भाऊजींनी पहिली शिंक दिली.

६

दुसरी, तिसरी. चौथीला त्यांनी रुमाल काढला. अध्यक्षबाईंनी पदर नाकाला लावला. साहेबांच्या चेहऱ्यावर तीच शिसारी आली, पण या वेळी खाली भीती होती.

"मोजा बाई," मी म्हणाले. "मंगळवारी तुम्ही मोजल्यात, बावीस. सगळ्यांना वाटलं ती चोरीची कबुली आहे. पण हा माणूस तासभर कोरडा होता आणि या खोलीत आल्यावर शिंकायला लागला. इथे धूळ कुठे आहे? गालिचा? पडदा? भाऊजी, चाचणीसाठी रजेचा अर्ज द्यायला इथे कधी आला होतात?"

"मागल्या शुक्रवारी." रुमालातून आवाज आला. "गोळ्या तेव्हाही बंद होत्या. दहा मिनिटं उभा होतो. काही झालं नाही."

"मागल्या शुक्रवारी खोली चालत होती, मंगळवारी चालली नाही. मधे इथे काहीतरी आलं. त्यांचं नाक खोटं बोलत नव्हतं, बाई. आपण चुकीचं ऐकत होतो. कपाट उघडायला सांगा."

"त्यात कार्यालयाची कागदपत्रं आहेत," साहेब म्हणाले.

अध्यक्षबाईंनी नुसता हात पुढे केला. किल्ली मिळायला वेळ लागला.

झगा खालच्या कप्प्यात कोंबलेला होता. प्लॅस्टिक फाटलं होतं आणि खोलीभर तळघर पसरलं. मखमलीवर राखाडी-हिरवी लव, जागोजागी काळे ओले चट्टे, जर त्यात बुडालेली. बाहीच्या घडीतून काहीतरी बारीक पांढरं वळवळत फरशीवर पडलं. अध्यक्षबाई उठून बाहेर गेल्या आणि मोरीत ओकल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

त्या परत आल्या तोवर साहेब बोलायला लागले होते. सोमवारी त्यांनी पेटी उघडून बघितली तेव्हा झगा असा झालेला. शनिवारी तो लोकांसमोर निघाला असता, बंद पंखा निघाला असता, मास्तरांचे तीन अर्ज निघाले असते. चोरी झाली म्हटलं तर झगाही गेला आणि अर्ज लिहिणाराही. मंडळी वाचनात असताना मागच्या जिन्याने त्यांनी तो वर आणला. तासाभरात गाडीत टाकायचा होता, पण अक्कांनी पाचलाच पेटी बघितली आणि दारावर झडती सुरू झाली.

"मास्तरांना कुठेही काम मिळालं असतं," शेवटी ते म्हणाले. "आणि त्यांच्याबद्दल कोणाला वाईट वाटलं नसतं."

हे वाक्य त्या झग्यापेक्षा घाण होतं. आणि ते खरं होतं, म्हणून जास्त घाण.

अध्यक्षबाईंनी साहेबांना बाहेर जायला सांगितलं, मग भाऊजींसमोर हात जोडले. भाऊजींचं तिकडे लक्षच नव्हतं. डोळे सुजलेले, नाकातून धार. ते कपाटासमोर उकिडवे बसून झग्याची कड दोन बोटांनी उलटी करून बघत होते.

"टाकू नका," ते म्हणाले. "अस्तर शाबूत आहे. चांदीची जर सोडवून घेता येईल. पंखा लावा, मी मास्क घालून करतो."

"आधी बाहेर या," मी म्हणाले. "आता गोळी घ्या, आणि फवारा मी शिकवते तसा मारायचा, रोज. एक दिवस मारून सोडायचा नाही."

ते उठले. हातातला रुमाल पिळावा इतका ओला झाला होता. कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. ताईची पिशवी खाली गाडीत होती आणि टेबल साहेबांचं होतं. अध्यक्षबाईंची नजर त्या रुमालावर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. भाऊजींनी ते बघितलं. ते असं रोज बघत असणार, माझ्याकडूनही.

मी हात पुढे केला. "द्या इकडे."

"अगं, ओला आहे."

"दिसतंय मला. द्या."

तो गार होता, आणि पोटात ढवळायचं ते ढवळलंच. मी मूठ मिटली, पर्स उघडली आणि डब्याशेजारी ठेवून दिला.

"कढत पाण्यात धुते," मी ताईला म्हणाले. "रविवारी जेवायला येईन तेव्हा घेऊन येते."